आ वासलेली पिल्ले

जून महिन्यात इंग्लंडातील पहाट फार लवकर उजाडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नॉर्फोक किंवा सफोक परगण्यातील एखाद्या मोठ्या जहागिरीवर अशा वेळी कोणी गेला असता, तर दहिवराने भिजलेल्या कुरणात लाकडी खुराड्यांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक खुराड्याच्या गजांआड बसलेली एकेक खुडूक कोंबडी, आणि त्या गजांमधून आतबाहेर करणारी, तिने न घातलेल्या परंतु तिच्याच उबेने फुटलेल्या अंड्यांतून निघालेली फेझंटची पंधरा-पंधरा, वीस-वीस पिल्ले, असा देखावा त्याच्या दृष्टीस पडला असता. कुरणाच्या कडेला चाकांवरच्या लाकडी खोपटात रात्र काढलेला शिकारखान्याचा राखणदार बाहेर येई. उकडलेल्या अंड्यांचा चुरा, शिजवलेला भात आणि पीठ यांचे मिश्रण त्याच्या बादलीत असे. परंतु ते टाकण्यापूर्वी तो क्षणभर निश्चल उभा राहून कानोसा घेई. कोल्ह्याचा आणि मुंगसासारख्या चोरट्या जनावरांचा बंदोबस्त त्याने रात्रीच केलेला असे. सकाळी त्याला धास्ती असे ती एका बारीक, कोरड्या शिंकेची.

ती शिंक ऐकू आली की मग तो रांगेतून वाकून चालत जाई, आणि थव्यापासून थोडे दूर उभे असलेले एखादे पिल्लू त्याला सापडे. पंख सैल पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मान पुढे आणि वर ताणलेली. दर काही क्षणांनी ते पिल्लू चोच पूर्ण उघडी, हवा गिळल्यासारखे करी, डोके झटके, पुन्हा चोच मिटी. पाहणाऱ्यास वाटावे, हे जांभई देत आहे. त्याच्या या ‘आ वासण्या’वरूनच इंग्रज शेतकऱ्यांनी या रोगाला ‘गेप्स’ हे नाव दिले होते. एका पिल्लापासून चार दिवसांत दहा, दहांचे पुढच्या पंधरवड्यात शंभर, आणि जुलै सरता सरता खुराड्यांच्या अर्ध्या रांगा ओस, हा अनुभव ज्याच्या पदरी एकदा आला त्याला ती शिंक आयुष्यभर विसरता येत नसे. आणि साहेबाच्या नोव्हेंबरातील शिकारीचा सगळा हिशेब त्या पिल्लांवरच बसवलेला असल्यामुळे, पाखरांच्या मरणाबरोबर राखणदाराची भाकरीही टांगणीस लागत असे.

फेझंट हा मूळचा इंग्लंडचा पक्षी नव्हे. काळ्या समुद्राच्या पूर्वेस वाहणाऱ्या फासिस नदीच्या नावावरून त्याचे नाव पडले, आणि शतकानुशतके पश्चिमेकडे सरकत तो ब्रिटनच्या रानात रुळला. रानात तो आपल्या हिमतीवर जगत होता, तोपर्यंत त्याच्या रोगांची फारशी वास्तपुस्त कोणी केली नाही. परिस्थिती पालटली ती बंदुकीमुळे. 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मागून काडतूस भरावयाची फ्रेंच बंदूक मांडली गेली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत नळीच्या तोंडातून दारू ठासण्याचा जुना शिरस्ता मोडला. आता एका शिकाऱ्यास, मागे दोन बंदुका भरून देणारे इसम उभे असले म्हणजे, एका दिवसात शेकडो बार काढता येऊ लागले. आणि एवढ्या बारांना पुरतील इतकी पाखरे कोणत्याही रानात आपोआप उपजत नाहीत. तेव्हा पाखरे कोंबड्यांखाली उबवून, कुरणात वाढवून, मग रानात सोडून, हाकारे घालून बंदुकांपुढे उडवावयाची पद्धत रूढ झाली. 1862 मध्ये युवराज एडवर्डसाठी सँड्रिंगहॅमची जहागीर खरेदी झाली, आणि शिकारीला उजेड अधिक मिळावा म्हणून तेथील घड्याळे अर्धा तास पुढे ठेवण्यात आली. 1863 मध्ये, लाहोरच्या तख्तावरून बाळपणीच पायउतार केला गेलेला महाराजा दुलीपसिंग सफोकमधील एल्व्हडन येथे येऊन राहिला आणि तेथील रेताड माळावर त्याने तित्तिर-फेझंटांचा जो शिकारखाना उभारला, त्याची कीर्ती सर्व इंग्लंडभर झाली. राज्य गेलेल्या त्या राजाने परक्या मुलुखात बंदुकीत मन रमवावे, ही गोष्ट मला नेहमीच हळहळ लावीत आली आहे. परंतु तो विषय निराळा.

प्रस्तुत विषयास महत्त्वाचे इतकेच की, रानात जो पक्षी एका जोडप्यास कित्येक बिघे जागा घेऊन राहत असे, त्याची हजारो पिल्ले एका कुरणात, त्याच त्या गवतावर, दरवर्षी त्याच महिन्यांत वाढू लागली. गेप्सचा सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे, असे मी समजतो. जे औषधाच्या शोधात निघाले ते पाखराच्या घशात पाहत राहिले, आणि रोग पायांखाली होता. विलक्षण हे की, ही गोष्ट जवळजवळ आरंभीच एकाच्या दृष्टीस पडली होती.

तो मनुष्य म्हणजे अमेरिकेतील बाल्टिमोरचा शरीरशास्त्राचा अध्यापक अँड्र्यू वीझेन्थाल. त्याने 1797 मध्ये लिहिलेले एक पत्र लंडनच्या वैद्यकविषयक नियतकालिकात 1799 मध्ये छापले गेले. त्यात त्याने कळविले की, आमच्या देशात कोंबड्या व टर्की यांच्यात एक रोग पसरला असून कित्येक ठिकाणी दहांतली आठ पाखरे त्याने मरतात. मेलेल्या पिल्लांच्या श्वासनलिका त्याने उघडून पाहिल्या आणि आत लाल रंगाचे कृमी त्याला आढळले. परंतु त्या पत्रातील मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग निराळाच आहे. हा रोग जुन्या, पुष्कळ वर्षे वसलेल्या शेतवाड्यांवर वाढविलेल्या पिल्लांत सर्वांत अधिक असतो, असे त्याने नमूद केले होते. नव्याने तोडलेल्या रानातील वाडीवर कमी, जुन्या वाडीवर जास्त. म्हणजे पाखरू तेच, दाणा तोच, भेद केवळ जमिनीच्या वयाचा. एका अध्यापकाने जाता जाता टिपलेली ही बाब नीट उलगडण्यास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे खर्ची पडली.

इंग्लंडात या कृमीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले कर्नल जॉर्ज मोंटेग्यू याने. डेव्हन परगण्यात किंग्जब्रिज येथे राहणाऱ्या या माजी लष्करी अधिकाऱ्याने पक्ष्यांचा कोश रचला होता, आणि घरी नाना जातींची पाखरे पाळली होती. हिवाळ्यात सोलापूर-नगरच्या माळरानांवर जमिनीलगत तरंगत शिकार शोधणारा जो करडा, लांब पंखांचा पाहुणा येतो, तो मोंटेग्यूचा भोवत्या याच मोंटेग्यूच्या नावाचा. त्याने 1808 मध्ये एडिंबरोच्या वर्नेरियन सोसायटीपुढे आपला निबंध सादर केला. कृमी कोंबडीत, फेझंटमध्ये, तित्तिरात सापडतो हे त्याने सांगितले, आणि आपण केलेला उपायही सांगितला: पिल्ले त्या जागेवरून उचलून नव्या जागेवर नेली, हिरवा पाला व भांगेच्या जातीच्या झाडाचे बी खावयास घातले, आणि साध्या पाण्याऐवजी सताप व लसूण यांचा फांट पिण्यास ठेवला. आमच्या परसातील तुळशीच्या बाजूला सतापाचे रोप असे, आणि तान्ह्या मुलास काही झाले की आजी त्याचे पान चुरून हुंगवीत असे. तो उग्र, चोंदलेले नाक मोकळे करणारा वास आठवला म्हणजे डेव्हनमधील त्या कर्नलाने हेच पान पाण्यात घालून आजारी पाखरांपुढे ठेवले होते, ही कल्पना मला आपलीशी वाटते. पाखरे बरी झाली. पुढील शतकभर लोकांनी लसूण आणि सताप ध्यानात ठेवले, आणि जागा बदलल्याची नोंद बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

तो कृमी प्रत्यक्षात कसा दिसतो, हे सांगितले पाहिजे. मेलेल्या पिल्लाची श्वासनलिका उभी चिरून उघडली असता आत, ओल्या पांढुरक्या अस्तरास चिकटून, रक्तवर्णाचे बारीक दोरे दिसतात. एक दोरा चिमट्याने उचलून भिंगाखाली धरला म्हणजे तो सरळ नसून वाय या इंग्रजी अक्षरासारखा दोन फाट्यांचा असल्याचे आढळते. एक फाटा लांब, दोन सेंटिमीटरपर्यंत, दुसरा आखूड, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. आरंभीच्या निरीक्षकांना हा दोन तोंडांचा एकच प्राणी वाटला, आणि मोंटेग्यूनेही तसेच मानले. परंतु लांब फाटा मादी आहे आणि आखूड फाटा नर आहे. ती दोघे पाखराच्या फुप्फुसातच एकमेकांस भेटतात, जोडली जातात आणि त्यानंतर मरेपर्यंत विलग होत नाहीत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ सीबोल्ड याने 1836 मध्ये त्याला ‘सिंगॅमस’ हे नाव दिले. एकत्र विवाहबद्ध झालेले, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. तांबडा रंग त्याचा स्वतःचा नव्हे. अस्तरास तोंड लावून तो पिल्लाचे रक्त पितो, आणि ते रक्त त्याच्या पारदर्शक देहातून दिसते. मोठ्या कोंबडीची श्वासनलिका रुंद असते आणि तिच्या अंगी या कृमीचा प्रतिकारही पुष्कळ अंशी आलेला असतो, त्यामुळे दोन-चार जोडपी असली तरी तिचे फारसे अडत नाही; परंतु तीन आठवड्यांच्या फेझंटच्या पिल्लाची नळी गव्हाच्या काडीएवढी, आणि तीत सात-आठ जोडपी व त्यांनी चाळवलेला शेंबूड साचला म्हणजे श्वासाला वाट उरत नाही. पिल्लू आ वासते ते याकरिता.

राखणदारांचा उपाय वीझेन्थालच्या काळापासून चालत आलेला होता, आणि तो पिसाचा होता. एक कडक, बारीक पीस घ्यावयाचे. टोकापाशी थोडे केस ठेवून बाकीचे ओरबाडून टाकावयाचे. टर्पेंटाइनमध्ये बुडवून निथळावयाचे. मग डाव्या हाताच्या मुठीत पिल्लाचे अंग धरून, अंगठा व तर्जनी यांनी चोच उघडून, जिभेच्या मुळाशी जे सूक्ष्म छिद्र श्वासाबरोबर उघडमीट करते, त्यात, ते उघडण्याच्या नेमक्या क्षणी पीस सरकवावयाचे, दोन-तीन वेळा फिरवावयाचे आणि बाहेर ओढावयाचे. हात सराईत असला तर पिसाला दोन-तीन लाल दोरे गुंडाळून येत आणि पिल्लू तडफडून मोकळा श्वास घेई. हात अडाणी असला तर पिल्लू मुठीतच जाई. दोनशे पिल्लांचा घसा असा एका सकाळी साफ करणारी माणसे होती, आणि त्यांच्या बोटांच्या त्या कसबाबद्दल मला मनःपूर्वक आदर आहे. परंतु पिसावरून निघालेला कृमी पुष्कळदा तेथेच गवतावर झटकला जाई. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती अंडी गवतात पडत, आणि मेहनतीने वाचविलेल्या पिल्लाच्या पायांखालीच पुढील पिढीची पेरणी होई. कृमिविज्ञानी स्पेन्सर कॉबोल्ड याने एका कोंबडीच्या पिल्लाची श्वासनलिका बाहेरून चिरून चिमट्याने कृमी काढून दाखविले होते. मोठ्या शिकारखान्यांत कार्बॉलिक अॅसिडचे थेंब तापलेल्या तव्यावर टाकून, झाकलेल्या पेटीतील पिल्लांना त्याची धुरी देण्याची वहिवाट पडली. धुरीने कृमी आधी मरतो की पाखरू, हे पेटीचे झाकण उघडण्याच्या घटकेवर अवलंबून असे.

अशा परिस्थितीत 1879 च्या सुमारास लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीमार्फत एक इनाम जाहीर झाले. इनाम लावणारे गृहस्थ होते नॉर्फोकमधील मर्टन येथील जहागीरदार, सहावे लॉर्ड वॉल्सिंगहॅम. या पुरुषात दोन माणसे एकत्र नांदत होती. एक इंग्लंडातील पहिल्या प्रतीचा नेमबाज, ज्याने 30 ऑगस्ट 1888 रोजी यॉर्कशायरच्या माळावर एकट्याने एका दिवसात 1070 ग्राउज पाडले. दुसरा, ज्यांचे पंख नखाएवढेही नसतात अशा सूक्ष्म पतंगांचा जगातील अग्रगण्य अभ्यासक, ज्याचा अडीच लाखांहून अधिक नमुन्यांचा संग्रह 1910 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. पाखरे मारण्याची हौस आणि किड्यांचे जीवन उलगडण्याची चिकाटी ही दोन्ही एका ठिकाणी असल्यामुळेच त्याच्या ध्यानी आले की, या रोगाचा उलगडा पिसाने होणार नाही, कृमीचे साद्यंत जीवनचरित्र कळले पाहिजे. म्हणून त्याने प्रत्येकी 50 पौंडांची दोन इनामे लावली: एक गेप्सच्या कृमीचे जीवनचरित्र लिहिणाऱ्यास, दुसरे माळावरील ग्राउज पक्ष्यांत साथ पसरविणाऱ्या कृमीचे लिहिणाऱ्यास.

दुसऱ्या प्रश्नाची हकीकत थोडक्यात सांगून बाजूला ठेवतो. ग्राउज हा पाळला जाणारा पक्षी नव्हे, आणि त्याच्या रोगाची तड लागण्यास पुढे लॉर्ड लोव्हॅट यांच्या अध्यक्षतेखाली 1905 मध्ये चौकशी समिती बसवावी लागली. त्या समितीसाठी जवळजवळ दोन हजार मेलेले ग्राउज चिरून तपासणारा डॉक्टर एडवर्ड विल्सन, 1911 मध्ये अहवाल छापून निघाला तेव्हा, कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर होता, आणि आपल्या श्रमाचे ते ग्रंथरूप त्याने हातात धरले नाही.

गेप्सचे इनाम मात्र एका फ्रेंच माणसाने मिळविले. झाँ-पिएर मेन्याँ हा फ्रेंच सैन्यातील पशुवैद्य. पुढे 1894 मध्ये त्याने प्रेतांवर क्रमाक्रमाने येणाऱ्या कीटकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यामुळे न्यायवैद्यकाच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे राहिले. पॅरिसच्या आसपास, रांबुये आणि फाँतेनब्लो येथील राजेरजवाड्यांच्या जुन्या शिकारी रानांत फेझंट वाढविण्याच्या मोठमोठ्या शाळा होत्या, आणि तेथे या रोगाने दिवसाकाठी शेकड्यांनी पिल्ले मरत होती. मेन्याँने तेथे काम केले. त्याने अंडी भरलेली कृमींची ताजी जोडपी एका पोपटास खाऊ घातली. फेझंटच्या कुळाशी सुतराम संबंध नसलेला तो पोपट काही आठवड्यांत आ वासू लागला आणि गुदमरून मेला, आणि त्याच्या श्वासनलिकेत तेच लाल दोरे मिळाले. मेन्याँचा निष्कर्ष असा की, हा कृमी सरळ एका पाखरातून दुसऱ्यात जातो. खोकून बाहेर पडलेला कृमी, किंवा अंडी मिसळलेले पाणी पोटात गेले की पुरे, मध्ये दुसऱ्या कोणत्याही प्राण्याची गरज नाही. त्याचा निबंध 1883 मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध झाला.

त्याने सुचविलेला औषधोपचार वाचताना मराठी वाचकास आपल्याच स्वयंपाकघरात शिरल्यासारखे वाटेल. मेन्याँच्या मते लसूण गुणकारी होताच, परंतु त्याहून गुणकारी होता तो हिंग. हिंगाची पूड आणि पिवळ्या जेन्शनच्या, म्हणजे आपल्याकडील किराइताच्या कुळातील कडू वनस्पतीच्या मुळाची पूड समभाग घेऊन पिल्लांच्या घासात मिसळावी, असा त्याचा पाठ होता. उग्र वासाचे द्रव्य रक्तातून फुप्फुसात येते आणि श्वासाबरोबर बाहेर पडताना वाटेतील कृमीस ते सोसवत नाही, ही त्यामागील उपपत्ती. इराण-अफगाणिस्तानातून मुंबईच्या मशीद बंदरात उतरणारे जे द्रव्य येथे वरणाच्या फोडणीत पडते, तेच फ्रान्समधील उमरावांच्या फेझंटांच्या पिठात मळले गेले. त्या उपायाचा गुण आला असे तो सांगतो. परंतु ज्या शाळांत त्याचे ऐकले गेले, तेथे मेलेली पाखरे जाळणे, भांडी धुणे आणि आजारी पिल्ले वेगळी काढणे हेही त्याच्याच आज्ञेने सुरू झाले होते, आणि माझ्या मते खरे काम त्या सफाईने केले.

प्रश्न सुटला असे वाटले, आणि इतक्यात अटलांटिकच्या पलीकडून निराळेच उत्तर आले. न्यूयॉर्क संस्थानातील फ्रँकलिनव्हिल या लहानशा गावचा डॉक्टर एच. डी. वॉकर याने 1886 मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने रोगट अंगणातील माती खणून गांडुळे गोळा केली आणि निरोगी पिल्लांना ती चारली. पिल्लांना गेप्स झाला. गांडूळ हाच या कृमीचा मूळ आश्रयदाता असून त्याच्याविना कृमीचे जीवन पुरे होत नाही, असे त्याने ठासून लिहिले. शेतकऱ्यांना ते पटण्यासारखे होते. पाऊस पडून गेला की गांडुळे वर येतात, कोंबडी पायाने उकरते, पिल्ले धावत येऊन तुटून पडतात, आणि ओल्या हंगामात गेप्स भडकतो, हे त्यांच्या नित्याच्या पाहण्यातील होते. विद्वानांपुढे मात्र पेच पडला. मेन्याँच्या पोपटाने एकही गांडूळ खाल्ले नव्हते, आणि वॉकरच्या पिल्लांनी गांडुळाखेरीज संशयास्पद काही खाल्ले नव्हते. दोन्ही प्रयोग प्रामाणिक होते, दोहोंचे निष्कर्ष एकमेकांना छेद देत होते, आणि जवळजवळ चाळीस वर्षे ज्याने त्याने आपापल्या पसंतीच्या बाजूने साक्ष दिली.

तोपर्यंत शिकारखान्यांचा तो सारा काळच भरभराटीच्या टोकाला जाऊन पोहोचला. 18 डिसेंबर 1913 रोजी बीकन्सफील्डजवळील हॉल बार्न येथे, राजे पाचवे जॉर्ज ज्यांत सामील होते अशा सात-आठ बंदुकांनी एका दिवसात 3937 फेझंट पाडले. एवढी पाखरे एका दिवसाच्या करमणुकीसाठी, उन्हाळाभर जागून, घशात पिसे घालून वाढविली गेली होती, हे वाचताना माझ्या मनापुढे बंदुका येत नाहीत, चाकांच्या खोपटातली माणसे येतात. आठ महिन्यांत महायुद्ध पेटले. राखणदार खंदकात गेले, अंडी आणि भात माणसांनाच पुरेनासा झाला, आणि कुरणांतील खुराड्यांच्या रांगा उठल्या.

युद्धानंतर हा प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात आला. 1923 मध्ये ऑर्टलेप या संशोधकाने कृमीच्या अंड्यापासून पुन्हा कृमीपर्यंतचा प्रवास पायरीपायरीने मांडला. पाखराच्या श्वासनलिकेत घातलेली अंडी खोकल्याबरोबर तोंडात येतात, गिळली जातात, विष्ठेवाटे जमिनीवर पडतात. ऊब व ओल असली म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांत अंड्यात अळी तयार होते. ती पिल्लाच्या पोटात गेली की आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, रक्ताबरोबर फुप्फुसात येते, तेथे कात टाकून नर-मादी जोडली जातात, आणि श्वासनलिकेत चढतात. गिळल्यापासून सुमारे दोन आठवड्यांत नवी अंडी बाहेर पडू लागतात. या सर्व साखळीत दुसरा प्राणी लागत नाही, हे ऑर्टलेपने सिद्ध केले. म्हणजे मेन्याँ खरा ठरला.

वॉकरही खोटा ठरला नाही, आणि या इतिहासातील मला सर्वांत भावणारा भाग तोच आहे. 1934 मध्ये सेंट ऑल्बन्सजवळच्या संशोधनकेंद्रात फिलिस क्लॅफॅम या विदुषीने दाखविले की, गांडुळाने मातीबरोबर कृमीची अंडी गिळली असता त्यांतील अळ्या त्याच्या शरीराच्या स्नायूंत शिरून कोश करून बसतात. तेथे त्या वाढत नाहीत, बदलत नाहीत. नुसत्या वाट पाहतात. थोड्याच काळात ई. एल. टेलर याने हेच गोगलगायींच्या बाबतीतही सिद्ध केले, आणि त्याहूनही पुढे जाऊन या अळ्या गांडुळात तीन वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात असे दाखविले. गांडूळ कृमीला जन्मास घालीत नाही. ते त्याला सांभाळून ठेवते. उघड्या मातीतील अंडी ऊन आणि थंडी यांनी हळूहळू मरतात, परंतु गांडुळाच्या अंगात शिरलेली अळी त्याच्याबरोबर उन्हाळ्यात खोल जाते, पावसात वर येते, आणि तीन हंगामांनंतर उकरणाऱ्या कोंबडीच्या पायाखाली सापडते. वीझेन्थालने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी टिपलेल्या जुन्या शेतवाडीचे रहस्य येथे उलगडले. जुनी वाडी म्हणजे जिच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची अंडी गांडुळांच्या अंगी जमा झालेली आहेत अशी वाडी. एक साल कुरण पडीक ठेवून पुन्हा तेथेच खुराडी मांडणाऱ्या राखणदाराला रोग पुन्हा का गाठतो, आणि त्याला मनोमन स्वतःलाच का दोष लावून घ्यावा लागत असे, याचे उत्तरही येथेच मिळाले. त्याची चूक एवढीच होती की, एक वर्ष पुरेसे आहे असे त्याने मानले.

एक वाट शिल्लक होती, आणि तिचाही शोध टेलरनेच लावला. साळुंखीच्या कुळातील स्टार्लिंग पक्षी थव्याथव्यांनी कुरणात उतरतात, खुराड्यांभोवती सांडलेले दाणे टिपतात, आणि त्यांच्या श्वासनलिकेतही सिंगॅमस असतो; स्टार्लिंगमधील कृमी कोंबडीच्या पिल्लात संक्रमित होऊ शकतो, हे त्याने 1928 मध्येच दाखविले होते. कावळ्याच्या जातीचे रूक पक्षीही तसेच. कोऱ्या, कधीही पाखरू न वाढविलेल्या कुरणात रोग पहिल्यांदा कोठून येतो, ही शंका त्यामुळे दूर झाली.

1961 मध्ये थायबेंडाझोल हे औषध बाजारात आले आणि लवकरच ते फेझंटच्या खाद्यात मिसळून देण्याची पद्धत पडली. पुढे त्याहून प्रभावी औषधे त्याच घराण्यातून निघाली. पिल्लाला हातही न लावता श्वासनलिकेतील कृमी मरू लागला, आणि टर्पेंटाइनचे पीस, कार्बॉलिकची पेटी, हिंगाची पूड ही तिन्ही एका पिढीच्या आत विस्मरणात गेली. खुडूक कोंबड्यांची जागा तेलाच्या व पुढे गॅसच्या शेगड्यांनी घेतली. परंतु पाखराच्या पोटात गेलेले औषध पाखराच्या पोटापुरतेच काम करते. मातीतल्या गांडुळापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून आजही इंग्लंडातील जाणता राखणदार, खाद्याच्या पोत्यावर औषधाची चिठ्ठी असली तरी, हिवाळा संपता संपता आपल्या जाळीच्या पिंजऱ्यांचे खांब उपटतो, गेल्या वर्षीची जागा टाकून कुरणाच्या दुसऱ्या बाजूला, शक्य तर दुसऱ्याच कुरणात, ते रोवतो, आणि जून उजाडला म्हणजे अंधारात दाराशी उभा राहून, पिल्लांना दाणा टाकण्यापूर्वी, क्षणभर कानोसा घेतो.